उथळ पाण्यात एका जागी थांबायचं कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मालवणच्या डायव्हिंगबद्दल लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती बहुतेक आपल्या खान्देशातूनच, जिथून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. मला फार बरं वाटलं. मी सीझनला कोकणात शिकवते आणि पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा घरी जळगावला असते, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवर आहेत, पाण्याखाली ना वर ना खाली असं एका जागी तरंगत राहायचं, ज्याला डायव्हर बॉयन्सी म्हणतात. म्हणून या वेळेस मुख्यतः तेच घेतलंय.

भुसावळ, रेल्वेत नोकरी, वय 34

ताई, जानेवारीत मालवणला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केला, कार्ड पण मिळालं. पण खरं सांगतो, 12 मीटरवर मी व्यवस्थित होतो आणि परत येताना 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं ना, तिथे मी वरच जाऊ राहिलो होतो. हवा सोडली की दगडासारखा खाली, भरली की परत वर. शेवटी सरांनी माझा पट्टा धरून ठेवला तेव्हा तीन मिनिटं झाली. माझं वजन 72 किलो, अंगात 3 मिलिमीटरचा फोमसारख्या रबराचा सूट होता आणि कमरेला 8 किलोचे शिशाचे वेट लावले होते. खोल जमलं तर उथळ का नाही जमलं? माझ्यातच काही कमी आहे का?

— भाऊ, तुमच्यात काही कमी नाही, तुम्ही अडकलात ती जागाच अवघड आहे, आणि नवीन माणूस बहुतेक तिथेच अडकतो. उथळ पाणी डोक्यावर कमी असतं म्हणून आपण ते सोपं धरून चालतो, पण तरंगायच्या बाबतीत हिशोब उलटा आहे.

आपल्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधतात, तुम्हीही तसेच शिकला असाल. बीसीडी, म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट, हा तसाच पाठीचा डबा आहे. फरक एवढाच की डबा पत्र्याचा असतो, तो पाण्यावर असो की दोन परस खाली, त्याचा आकार तेवढाच राहतो आणि तो वर ओढतो तेही तेवढ्याच जोराने. जॅकेट म्हणजे मऊ पिशवी. वर पाण्याच्या पातळीला दाब 1 बार, 10 मीटरवर 2, 20 वर 3, 30 वर 4, आणि पिशवीतली हवा या दाबाप्रमाणे आकसते आणि फुगते. बॉइलने 1662 साली मांडलेला हा नियम आपण सगळ्यांनी कॉलेजात मार्कांपुरता पाठ केलेला असतो, पण तो अंगावर येतो तो असा पाण्यात. आता बघा, वरून 10 मीटरवर गेलं की हवा निम्मी होते, आणि 20 वरून 30 वर गेलं, तेही 10 मीटरच, तर ती पाऊणपट राहते. म्हणजे प्रत्येक मीटरला होणारा बदल वरच्या थरात सगळ्यात जास्त. खाली तुम्ही एखादा मीटर वरखाली झालात तर जॅकेटला फार कळतही नाही, 5 मीटरवर मात्र तेवढ्यातच हवा फुगते, फुगली की तुम्ही अजून वर, अजून वर गेलात की ती अजून फुगते.

पण तुमचा खरा चोर मला ते 8 किलो वाटतात. अॅल्युमिनियमचं सिलिंडर धरूनही तुमच्या अंगाला आणि त्या सूटला 2-3 किलो तरी जास्तच झाले असावेत. समजा 3 किलो जास्त होते. ते तोलायला तुम्ही 12 मीटरवर जॅकेटमध्ये जादा 3 लिटर हवा भरली, कारण मोटा हिशोब असा की एक लिटर हवा एक किलो उचलते. तीच 3 लिटर हवा 5 मीटरवर येईपर्यंत 4.4 लिटर होते, म्हणजे तुम्ही काही न करता जवळजवळ दीड किलोची ओढ वरच्या बाजूला लागली. त्यात सिलिंडर हलकं झालेलं. 11 लिटरच्या सिलिंडरमधले 150 बार वापरले की सुमारे 2 किलो हवा तुम्ही श्वासातून बाहेर सोडलेली असते, हो, हवेलाही वजन असतं आणि ते इथे लागतं. त्यात दाबलेला सूट परत फुगलेला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी वर ओढतात आणि नेमकं तिथेच थांबायचं असतं. मग माणूस घाबरून सगळी हवा सोडतो, आणि अंगावर 3 किलो शिसं जादा असल्यामुळे तो दगडासारखा खाली जातो, परत हवा भरायचं बटण दाबतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच आहे.

वजन बरोबर असेल तर जॅकेटमध्ये हवा थोडीच लागते, आणि थोडी हवा थोडीच फुगते. बाकीचं काम छातीने करायचं. साधा श्वास अर्ध्या लिटरचा असतो, सावकाश खोल घेतला तर दोन-अडीच लिटरपर्यंत जातो, म्हणजे तुमच्याकडे आतच दोनेक किलोचं वरखाली करायचं साधन आहे. बटण रोजच्या वापराचं नाही, ते फक्त मोठ्या बदलाला.

पुढच्या वेळी पाण्यात उतरलात की आधी वजन तपासून मागा, लाजू नका. पूर्ण सामान अंगावर, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा घ्यायचं तोंडातलं यंत्र, तोंडात, जॅकेट पूर्ण रिकामं, सरळ उभे तरंगत राहा, हातपाय गप्प. साधा श्वास घेऊन क्षणभर धरला तर पाणी डोळ्यांच्या रेषेला यायला पाहिजे, आणि श्वास सोडला की हळूहळू डोकं पाण्याखाली जायला पाहिजे. सिलिंडरमध्ये 50 बार असताना हे केलं तर उत्तर खरं येतं. भरलेल्या सिलिंडरवर करत असाल तर नंतर 2 किलो वाढवा. श्वास धरायचा तो फक्त इथे, पाण्याच्या वर, तपासायला तेवढा. आणि मनानेच वेट काढून टाकू नका, कमी पडले तरी 5 मीटरवर थांबता येणार नाही आणि तेव्हा करायला हातात काहीच उरत नाही.

हे मी पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे. मी शिकत होते तेव्हा एका ठिकाणी मलाही असंच भरपूर शिसं बांधून पाण्यात सोडलं होतं, कारण जड माणूस तळाशी बसून राहतो आणि नेणाऱ्याला सोपं जातं. चार-एक मीटर पाणी असेल. मी खाली गेले ते गुडघ्यावरच, आणि गुडघ्याखाली प्रवाळ होतं. पाण्याखाली आवाज फार स्पष्ट येतो, पापड मोडावा तसा तो मोडला आणि पांढरा चुरा माझ्या मास्कसमोरून वर आला. काही जातींचं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथलं पाणी उथळ, म्हणजे ज्या थरात नवशिक्याचा तोल जातो त्याच थरात हे प्रवाळ आहे. तेव्हापासून मी कुणालाही वजन तपासल्याशिवाय खाली नेत नाही.

धुळे, दोघेही शिक्षक

आम्ही नवरा-बायको दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाणार आहोत. कोर्स दोन वर्षांपूर्वी झालाय पण त्यानंतर पाण्यात गेलो नाही. ओळखीतून इथल्या जलतरण तलावात सकाळी एक तास मिळतोय आणि एक इन्स्ट्रक्टर सामान घेऊन यायला तयार आहेत. तलाव एका बाजूला साडेतीन फूट, दुसऱ्या बाजूला बारा फूट. एवढ्या पाण्यात सराव होतो का? आणि काय करायचं?

— होतो, आणि फार चांगला होतो. वरचं उत्तर वाचलंत तर कळेल का ते. ज्याला पाच फुटांत तीन मिनिटं गप्प राहता आलं त्याला अंदमानात कुठेही राहता येतं. इन्स्ट्रक्टर सोबत आहेत हे उत्तम, एकट्याने हे कधीच करायचं नाही, तलाव कितीही ओळखीचा असला तरी.

पहिल्यांदा कानांचं, कारण तलावात लोक हे विसरतात. हवेचं आकसणं-फुगणं वरच्या थरात जास्त म्हणजे कानांवरचा ताणही तिथेच जास्त, आणि सरावात आपण दहादा वरखाली होतो. प्रत्येक वेळी उतरताना दुखायच्या आधीच नाक धरून कान मोकळे करा. सर्दी असेल तर त्या दिवशी काठावर बसून दुसऱ्याचं बघा.

उतरलात की बारा फुटांच्या बाजूला पोटावर झोपा, हात एकमेकांत अडकवून छातीखाली. जॅकेटमध्ये अगदी थोडी थोडी हवा भरत जा, एक टिचकी मारून थांबायचं, दोन श्वास घ्यायचे, मग पुढची टिचकी. एक वेळ अशी येते की फिन्सची, म्हणजे पायातल्या वल्ह्यांची, टोकं तळाला टेकलेली आहेत आणि श्वास घेतला की छाती वर उचलली जाते, सोडला की परत खाली. आता टाइल्सच्या मधल्या एका फटीवर नजर ठेवा. श्वास आत घेतलात आणि नाक लगेच वर नाही गेलं, दोन-तीन सेकंदांनी गेलं, हे तुम्हाला त्या फटीकडे बघून दिसेल. सगळी कला या दोन-तीन सेकंदांत आहे. नवीन माणूस वाट बघत नाही, वर नाही गेलो म्हणून अजून श्वास घेतो, मग दोन्ही श्वासांचं मिळून एकदम वर जातो. घरी दूध तापवताना आपण उतू गेल्यावर गॅस बारीक करतो का, साय हलायला लागली की करतो. तसं इथे, वर जायला सुरुवात होतेय असं वाटलं की तेव्हाच श्वास सोडायला लागायचं, वर पोचल्यावर नाही.

आणि एक गोष्ट मी कितीही वेळा लिहायला तयार आहे, सिलिंडरची हवा घेताना पाण्याखाली श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. तलावच आहे म्हणून तर मुळीच नाही. छाती पूर्ण भरून, श्वास अडवून चार-पाच फूट वर आलात तरी फुफ्फुसाला इजा होऊ शकते. सावकाश, लांब, पण चालू. चार-पाच सेकंद आत, सहा-सात सेकंद बाहेर, आणि घसा मोकळा.

हे दहा मिनिटं जमलं की फिन्स पण उचला. तळापासून हातभर वर, पूर्ण आडवे, आणि काहीही करू नका. काहीही न करणं हे सगळ्यात अवघड जातं, हात आपोआप वल्हवायला लागतात, म्हणून ते अडकवूनच ठेवा. इथे एक घरगुती युक्ती सांगते, गवंड्याचा ओळंबा घ्या, काठावरून दोरीने खाली सोडा आणि दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. पाण्यात वर-खालीचा अंदाज डोळ्यांना लागत नाही, तलावाचा निळा तळ सगळीकडे सारखाच दिसतो, पण गाठ समोर असली की एक इंच हललात तरी कळतं. दोघांपैकी एकाने गाठीसमोर थांबायचं, दुसऱ्याने वेळ मोजायची. पहिल्या दिवशी वीस सेकंदही जड जातात, त्याने नाराज होऊ नका.

मग ती गाठ वर सरकवत न्या. बारा फुटांवरून आठवर, आठवरून पाचवर. प्रत्येक पायरीला अवघड होत जाणार. पाच फुटांवर पाठीवरचं सिलिंडर पाण्याच्या बाहेर यायला टपलेलंच असतं, तिथे श्वास लहान आणि शांत लागतो. तिथे तीन मिनिटं झाली की मला पत्र लिहा.

थांबता आलं की कामं द्या. तळाला एक रुपयाचं नाणं टाका आणि ते गुडघा किंवा पोट न टेकता उचला, श्वास सोडत खाली जायचं, उचलायचं, श्वास घेत वर. नंतर गाठीसमोर तरंगत असतानाच मास्कमध्ये पाणी घ्या आणि काढा. इथे बहुतेक सगळे वर जातात, कारण मास्क साफ करायच्या आधी माणूस नकळत मोठा श्वास घेऊन अडवतो. कोर्समध्ये हे गुडघ्यावर बसून शिकवलेलं असतं, समुद्रात गुडघे टेकायला जागा नसते, खाली प्रवाळ असतं.

वजनाचा हिशोब जाताना लिहून ठेवा. तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं आणि सुमारे अडीच टक्के जड, म्हणून तुम्ही आणि सामान मिळून 95-100 किलो होत असाल तर समुद्रात साधारण अडीच किलो वेट जास्त लागतील. सूट बदलला, सिलिंडर स्टीलचं मिळालं, तर हिशोब परत बदलतो, त्यामुळे अंदमानला पोचल्यावर पहिल्या डाइव्हला परत तपासायचंच.

आणि तलावाच्या लोकांचा विचार करा, सिलिंडर काठावर उभं ठेवायचं नाही, आडवं, खाली रबरी मॅट. ते पडलं तर टाइल फुटते, आणि कुणाच्या पायावर पडलं तर पाय.

जळगाव, एमआयडीसीत वर्कशॉप

माझ्याकडे जुनं स्कूबा सिलिंडर आणि रेग्युलेटर आलंय. आमच्याकडे ऑक्सिजनचे सिलिंडर येतातच, त्यातून भरून घेतलं तर चालेल का? नाहीतर टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर? फक्त स्विमिंग टँकमध्ये सरावालाच पाहिजे.

— नाही. दोन्ही नाही. दादा, कृपा करून हे करू नका.

स्कूबाच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, कोरडी आणि गाळलेली, 200 बारच्या आसपास दाबलेली. पेपरवाले सर्रास ऑक्सिजन सिलिंडर लिहितात आणि त्यामुळे हा घोटाळा होतो. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली दाबाने विषासारखा वागतो, सहा मीटरवर तर तो मर्यादेच्या टोकाला असतो, त्याखाली अचानक झटके येऊ शकतात आणि पाण्यात झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. टँक तेवढा खोल नाही म्हणाल, पण त्याआधीच दुसरा धोका आहे, साध्या हवेच्या वॉल्वमध्ये तेल-ग्रीसचा अंश असतो आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेल लागलं की पेट घेतो. वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनच्या नळीला तेलकट हात लावू नका असं तुम्हीच पोरांना सांगत असाल.

टायरचा कॉम्प्रेसर 8-10 बारचा असतो, त्याने सिलिंडर भरणारच नाही. आणि त्या हवेत तेलाची वाफ असते, इंजिनवर चालणारा असला तर धुरातला कार्बन मोनॉक्साइडही येतो, जो वर श्वासात गेला तर डोकं दुखतं आणि खाली दाबात गेला तर माणूस शुद्ध हरपतो. भरायचं ते श्वासाच्या हवेसाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरवरच, आणि त्याआधी सिलिंडरच्या मानेवर ठोकलेली टेस्टची तारीख बघा. जुनं सिलिंडर टेस्ट केल्याशिवाय कुणी जबाबदार माणूस भरून देणार नाही आणि देऊ पण नये. भरलेलं सिलिंडर आणाल तर मे महिन्यात बंद गाडीत उन्हात ठेवू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आतला दाब तापमानाबरोबर चढतो.

सामान जमेपर्यंत श्वासाचा सराव मास्क आणि स्नॉर्केलवर, म्हणजे पाण्याबाहेर टोक राहणाऱ्या श्वासाच्या नळीवर, करता येतो. पाण्यावर पालथे पडून राहा, हातपाय सैल, आणि प्रत्येक श्वासाला पाठ किती वर येते किती खाली जाते ते अंगाने ओळखा. पाण्याखाली दम धरायच्या शर्यती लावू नका, त्यात चांगले पोहणारेही बेशुद्ध होतात, कधी कधी छातीभर पाण्यात.

चोपडा, केळीची शेती

आमच्या विहिरीला सात परस पाणी आहे, स्वच्छ, तळ दिसतो. डायव्हिंगचा कोर्स झालाय. सराव तिथेच केला तर?

— भाऊ, विहीर बघूनच मोह होतो हे मला कळतं, मी स्वतः मामाच्या विहिरीत पोहायला शिकले. पण स्कूबासाठी नको. विहिरीत मोटर आहे, केबल आहे, आणि लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. केबलचं एक ठिकाण सोललेलं असलं तरी पुरे. दुसरं, सात परस म्हणजे 12 मीटरपेक्षा जास्त खोल, तिथे तोल गेला तर सरळ तळाला, आणि अंग वळवायला जागा नाही, कडेच्या दगडांवर सिलिंडर आपटतं. अंगावर पंचवीस किलो सामान घेऊन वर कसं चढणार, आणि गरज पडली तर तुम्हाला वर कोण ओढणार? सरावाला जागा अशी पाहिजे जिथे उथळ बाजूला येऊन कधीही उभं राहता येतं.

नंदुरबार, गृहिणी, वय 46

ताई, मी मुलीच्या आग्रहाने शिकले आणि मला फार आवडलं. पण माझे पाय सारखे खाली जातात, मी उभीच होते, मग हाताने पाणी ढकलत राहते. माझी हवा पण सगळ्यांच्या आधी संपते. सर म्हणतात आडव्या व्हा. होऊ कशी?

— तुम्हाला फक्त आडव्या व्हा म्हणून सांगणं बरोबर नाही, कारण चूक अंगाची नाही, वजनाच्या जागेची आहे. तराजूची दांडी डोळ्यासमोर आणा. सगळे वेट कमरेच्या पट्ट्याला असले, वरच्या भागात सूटची आणि फुफ्फुसांची हवा असली, तर खालचं पारडं जाणारच. दोन किलो पट्ट्यावरून काढून वर सिलिंडरच्या पट्ट्याला लावायला सांगा, किंवा सिलिंडरच थोडं वर, मानेकडे सरकवायला सांगा. बघा, पाय आपोआप मागे येतील. रबरी फिन्स जड असतात, हलक्या मिळाल्या तर त्यानेही फरक पडतो.

उभ्याने पाय मारले की काय होतं सांगते. प्रत्येक किक तुम्हाला पुढे न ढकलता वर ढकलते, वर जाऊ नये म्हणून तुम्ही जॅकेट रिकामं ठेवता, म्हणजे जड राहता, जड असल्यामुळे परत किक मारावी लागते. पूर्ण डाइव्हभर जिना चढल्यासारखं होतं ते. हवा संपेल नाहीतर काय! आडवं झालात आणि वजन बरोबर झालं की हवा जास्त वेळ पुरवायला वेगळं काही करावं लागत नाही.

पाठ थोडी कमानीत, गुडघे वाकवून फिन्स वरच्या बाजूला, मान वर करून पुढे बघायचं. मान खाली घातली की पोक येतं आणि गुडघे खाली जातात. हातांना काम हवंच असेल तर एका हातात प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाखवणारं मीटर, धरा आणि दुसऱ्याने त्या हाताचं मनगट. घरी जमिनीवर चादर टाकून पोटावर असं झोपून बघा, मुलीला बाजूने फोटो काढायला सांगा. आपल्याला वाटतं आपण आडवे आहोत, फोटोत दिसतं खरं काय ते.

आणि 46 हे वय डायव्हिंगला काहीच नाही हो. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, नसेल तर निवांत जा.

रावेर, एक वडील

मुलगा 11 वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. त्याला शिकवता येईल का?

— येईल. ज्युनियर ओपन वॉटर कोर्स 10 वर्षांपासून करता येतो, पण या वयाला 12 मीटरची मर्यादा असते आणि सोबत मोठं, शिकलेलं माणूस लागतंच. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं नुसतं तरंगणं कोर्समध्ये तपासतात. पोरं बॉयन्सी मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात असा माझा अनुभव आहे, त्यांना फक्त सामान मापाचं मिळालं पाहिजे. मोठ्याचं जॅकेट आवळून दिलं तर ते अंगावर सरकत राहतं आणि मग तोल कशाचा लागतो. सामान मापाचं नसेल तर थांबा, एक वर्षाने करा.

अमळनेर, मित्रांचा ग्रुप

आम्ही मालवणला दोन दिवसांत चार डाइव्ह करणार आणि शेवटची झाली की लगेच गाडी काढून रात्रीतून घरी. कुणीतरी म्हणालं घाट चढायचा नाही. खरं का?

— खरं आहे. डाइव्हनंतर अंगात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो श्वासावाटे हळूहळू निघत असतो, आणि उंचावर गेलं की बाहेरचा दाब कमी होऊन तो बुडबुड्यांच्या रूपात निघायची शक्यता वाढते. विमानासाठी नियम असा की एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास आणि बऱ्याच असतील तर किमान 18 तास थांबायचं. कोकणातून आपल्याकडे यायचं तर आंबोली घ्या, गगनबावडा घ्या, नाहीतर रेल्वेने कसाऱ्यावरून इगतपुरी, सहाशे-सातशे मीटर चढावं लागतंच, जळगाव-अमळनेर परत खाली असले तरी मधे डोंगर आहेच. तुमच्या चार डाइव्ह आहेत, म्हणून शेवटची दुसऱ्या दिवशी सकाळी आटपा, दुपार-संध्याकाळ किनाऱ्यावर काढा, रात्री तिथेच झोपा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघा. ती मोकळी दुपार मिळाली की गुडघाभर पाण्यात स्नॉर्केल लावून पडून राहा, सिलिंडर नाही, जॅकेट नाही, नुसता श्वास. माझे विद्यार्थी त्या एका तासात पुष्कळ शिकून येतात.